राहीबाईची किटली आणि दोनशे समाधानी

मी राहीबाईची किटली बोलतेय. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची आहे, पोटाला पोचा आहे, मुठीला तार गुंडाळलीय. तरी मला हसू नका. कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात मालकाच्या केबिनपासून ओतकामाच्या भट्टीपर्यंत बिनपासाची फिरणारी मी एकटीच.

मला मिरजेच्या बाजारातनं आणलं. दुकानदारानं चार किटल्या पुढं ठेवल्या. राहीबाईनं चारींत पाणी ओतून बघितलं आणि जिची धार सरळ पडली ती उचलली. म्हातारी कुंडलची. शाळेची पायरी चढली नाही. एसटीच्या पाट्यांवरनं अक्षरं शिकली, बाकीचं पुड्यांच्या कागदांवरनं. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिची चहाची टपरी. तिला कुणी अडाणी म्हटलं की मी चुलीवर नसले तरी उकळायची.

तिच्याच गावचा दादासो कारखान्यात सुपरवायझर. चाळिशीला टेकलेला. नोकरी सांभाळून तो व्यवस्थापनात डॉक्टरेट करत होता. विषय काय, तर कामगार गैरहजर का राहतात. दर रविवारी कोल्हापूरची एसटी धरून आपल्या मार्गदर्शकांकडं जायचा. अशी तीन वर्षं गेली. ‘एवढं शिकून पुढं काय?’ हे मेव्हण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तेच मालकांनी विचारलं, हंबीररावांनी. साताऱ्यात त्यांचा नवा कारखाना उभा राहत होता, त्याला मॅनेजर पाहिजे होता. नजर दादासोवरच होती, पण अर्धं डोकं पुस्तकात असलेला माणूस त्यांना नको होता. पंधरा दिवसांत या शिक्षणाचा एक तरी उपयोग दाखव, म्हणाले, नाहीतर ते सोड आणि साताऱ्याला जा. मी तेव्हा त्यांच्याच कपात धार धरली होती. निम्मा चहा बशीत गेला.

दादासोनं दोनशे प्रश्नावल्या छापून वाटल्या. चौथ्या दिवशी दोनशेच्या दोनशे परत. गडी हरखला. टपरीवर बसून एकेक कागद वाचायला लागला, तसा चेहरा उतरत गेला. प्रत्येकावर तेच: ‘कामावर समाधानी. गैरहजर राहत नाही.’ आणि हजेरीपट बघावा तर चाळणी.

राहीबाईनं चष्मा चढवून दोन कागद वाचले आणि भट्टीवरच्या धोंडिरामाला बोलावून घेतलं.

“सायबाची परीक्षा हाय म्हनल्यावर समद्यांस्नी बजावलं,” तो छाती काढून म्हणाला. “कुनी वाकडं लिवायचं न्हाई. आमच्यापायी नापास झाला तर?”

दादासोनं कागद बांधले. सोडतो हे सगळं, म्हणाला, तीन वर्षं वाया गेली. तशी म्हातारी तापली.

“खुर्चीतनं कागद दिलास तर दुसरं काय येनार रं? ही किटली घे. दुपारचा चा तूच वत. आन् तोंड बंद ठेव, कान उघडं ठेव.”

आणि काय सांगू तुम्हाला! सुपरवायझराच्या हातात मी, आणि त्याच्याकडं अख्खी भट्टी बघतेय. पहिल्या दिवशी कप घ्यायला कुणी पुढं येईना. शेवटी धोंडिरामानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “सायेब, साखर कमी हाय.” सगळे हसले, आणि त्या हसण्यातनं बोलणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी कवलापूरचा एक गडी म्हणाला, बुधवारी आमच्या गावाला शेताच्या पाण्याची पाळी असती, मोटर सुरू करायला काय म्हातारा बाप जाणार? दुसऱ्याच्या गावची पाळी शुक्रवारी, तिसऱ्याची सोमवारी. दादासोनं हजेरीपटातल्या गैरहजेऱ्या गावागावानं वेगळ्या काढल्या. वर्षभर दर बुधवारी एकच गाव गायब, शुक्रवारी दुसरं. कागदावरची नजर न काढता तो चहा ओतत गेला, तो त्याच्याच बुटावर.

पंधराव्या दिवशी दादासो, राहीबाई आणि मी केबिनमध्ये. टेबलावर तक्ता: अकरा गावं, त्यांचे पाण्याचे वार, आणि कुणी कुणाशी शिफ्ट बदलायची त्या जोड्या. हंबीररावांनी एकेका गावावरनं बोट फिरवलं.

“अरे, हे तर राहीबाईंनाही माहीत असणार,” म्हणाले. “याला डॉक्टरेट कशाला?”

मला वाटलं, संपलं. पण म्हातारीनं मला टेबलावर दणकन ठेवली.

“मला बुधवार ठावं व्हता, मालक. अकरा गावांचं वरीसभराचं कुनी जुळवलं असतं? आन् दहा वर्सं माझा चा पितासा, इचारावं असं तुमास्नी कवा वाटलं?”

मालकांनी कप पुढं केला. सातारा घे, दादासोला म्हणाले, आणि ते पुस्तकही पुरं कर.

नेमणुकीच्या पत्रात शिक्षणाबद्दल अक्षर नव्हतं, हेही सांगते. पगार होता तेवढाच ठरला. पुढच्या वर्षी डॉक्टरेट मिळाली, ते सांगायला दादासो साताऱ्याहून टपरीवर आला. त्या दिवशी राहीबाईनं स्वतःला नवी किटली घेतली आणि मला दादासोच्या पिशवीत घातलं. “खुर्चीत बसलास की फिरून समदे समाधानीच येतील,” एवढंच म्हणाली. परतीच्या एसटीत उंब्रज मागं पडेपर्यंत मी त्याच्या मांडीवर खडखडत होते.

आता मी साताऱ्याच्या केबिनमध्ये कपाटावर असते, शेजारी कापडी बांधणीचा प्रबंध. शिपाई मला घासून चकचकीत ठेवतो, आणि हेच मला सोसत नाही. बायांनो, बाप्यांनो, शिकलेलं असो की किटली असो, शोभेला ठेवू नका.

आज सकाळी दादासोपुढं कामगारांच्या चिठ्ठ्या आल्या. नव्या शिफ्टबद्दल. त्यानं वाचल्या. चाळीसच्या चाळीस समाधानी.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. खुर्ची मागं सारली, हात वर केला आणि मला खाली काढलं.

साखर बेतानं घाल, गड्या. मी निघाले.