बुटांच्या पानाचा मथळा

मित्रांनो, मी एक जुना मथळा आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरच्या एका पानाचा. तुम्ही शोधयंत्रात काही लिहिता तेव्हा उत्तरांत जी ठळक ओळ दिसते, ती मी.

माझ्या पानाचे मालक बूट शिवतात. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्या एका बुटाचा तळ ते जाड करतात, म्हणजे चाल सरळ होते. दुकानाचा एक नियम होता: गिऱ्हाइकाच्या पायाला नावे ठेवायची नाहीत. बोलायचे ते बुटाबद्दल. "याला थोडी उंची देऊ," एवढेच.

पुढे नवा रस्ता दुसरीकडून गेला आणि दुकानात येणारे आटले. "असंच चाललं तर बुटांचे लाकडी साचे विकून मोकळा होतो," मालक म्हणाले. तेव्हा त्यांच्या सुनेने पान तयार केले आणि मला घडवले: 'सुखकर चालीसाठी खास बूट'. नियमाला धरून मी सभ्य होतो. पण असे शब्द कोणी शोधतच नव्हते. चुकून येत ते धावण्याचे बूट हवे असणारे, आणि आल्या पावली परतत.

मग तिच्या धाकट्या दिराने माझा ताबा घेतला. "वहिनी, 'बूट' जितक्या वेळा लिहू, तितकं पान वर!" मी 'बूट, खास बूट, उत्तम बूट, स्वस्त बूट' असा झालो. शोधयंत्राने मला बाजूला सारले आणि पानातलीच दुसरी ओळ दाखवली.

"अरे, हा मथळा आहे की लिलावाची आरोळी?" मालक म्हणाले.

सून मात्र फोनवर येणारे प्रश्न लक्ष देऊन ऐकत असे. विचारणारे ज्या शब्दांत बोलत, त्यांतूनच तिने मला पुन्हा लिहिले: 'एक पाय आखूड असल्यास मापाचे बूट'.

मालक संतापले. "जो शब्द मी जन्मभर तोंडातून काढला नाही, तो तू दारावर टांगलास?"

"बाबा, तुमच्यासमोर माणूस संकोचतो. शोधताना तो एकटा असतो. तिथे तो आडवळणाने कशाला लिहील?"

"ठेव मग. साचे विकले जाईपर्यंत ठेव."

मी हळूहळू वर सरकलो. त्यात माझ्या एकट्याचे श्रेय नाही. शोधयंत्र पानही वाचते. माप कसे घ्यावे हे पानात नीट लिहिलेले होते, त्यामुळे येणारे थांबून वाचत.

एके दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. "आमचा पत्ता कुणी दिला?" मालकांनी विचारले. बाई शब्द जुळवू लागली. मुलगीच म्हणाली, "कुणी नाही. मीच लिहिलं, माझा एक पाय आखूड आहे, बूट कुठे मिळतील. तुम्ही पहिलेच आलात."

मालकांनी स्टूल पुढे ओढले. "बस, बाळ. आखूड कुठला, डावा की उजवा?"

साचे अजून फळीवरच आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधी पानाला मथळा द्याल. शोधणारा आपली अडचण कशी सांगतो, ते आधी ऐका. तेच शब्द मला द्या, एकदाच द्या. आणि पानात जे नाही, ते माझ्याकडून वदवून घेऊ नका. माझ्यावर विसंबून कोणीतरी लांबून निघालेले असते.