जहाजावरचा कोट

“काका, हात सैल सोडा. मी माप घेतोय, झडती नाही,” असं म्हणत दुकानातल्या श्रीधरने टेप सुखदेवांच्या छातीभोवती फिरवली.

सुखदेव हसले, तसं ललिताला हायसं वाटलं. सकाळी धायरीहून निघताना त्यांनी दोनदा विचारलं होतं, आपण कुठे चाललोय? दोन्ही वेळा ती म्हणाली होती, लक्ष्मी रोडला, तुमचा सूट घ्यायला. गाडीत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पुढे बसलेल्या मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने खिडकीची काच खाली केली होती.

मुलाचं नाव बुद्धभूषण, घरात नुसता भूषण. तो कर्वेनगरला राहायचा. आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून त्याने सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली होती. सहा दिवसांची सफर, त्यातल्या दोन रात्री फॉर्मल.

“म्हणजे रे काय?” ललिताने विचारलं होतं.

“म्हणजे सगळ्यांनी नटूनथटून जेवायला जायचं. तू पैठणी, बाबा सूट.”

“जेवायलाच ना? मग सांडलं म्हणजे?”

“आई, सांडायचं नाही!”

सांडण्याची भीती तिला नव्हतीच. सुखदेवांच्या हातून आयुष्यात कधी पाण्याचा थेंब सांडला नव्हता. कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात त्यांनी छत्तीस वर्षं वेटरचं काम केलं होतं. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याला काळा बो. तो कोट पिशवीतून घरी यायचा. ललिता ओल्या फडक्याने पुसून त्याला इस्त्री करायची आणि तो पिशवीतूनच परत जायचा. मुलाने आपल्याला त्या कोटात पाहू नये, ही त्यांची सक्त ताकीद होती. शाळेच्या फॉर्मवर ‘खासगी नोकरी’, एवढंच.

“कामाची लाज नाही गं,” एकदा म्हणाले होते. “पण सूट म्हटलं की पोराला विहारातल्या फोटोतला आठवावा. माझा नको.”

छत्तीस वर्षांत त्या क्लबातल्या एकाही खुर्चीवर ते बसले नव्हते. जेवण भटारखान्यात, उभ्या उभ्या. म्हणून जहाजाचं नाव निघालं तेव्हा ललिताच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं. हे खुर्चीत टेकून बसलेत आणि दुसरं कोणीतरी वाकून यांच्यापुढे ताटली ठेवतंय.

त्या एका चित्रापायी ती गप्प राहिली होती. दूध आणायला गेलेल्या सुखदेवांना फुलवाल्या बाईने हाताला धरून घरी आणलं, तरी गप्प. डॉक्टर म्हणाले, मुलाला बरोबर घेऊन या, तर हिने तारीखच पुढे ढकलली. भूषणला कळलं की तो तिकिटं रद्द करणार, हे तिला ठाऊक होतं. जहाज एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू सगळं.

“बाबांना हा घालून बघू,” भूषणने फोनवरचा मेल श्रीधरला दाखवला. “ब्लॅक, सॅटिनची कॉलर, आणि बो. जहाजावर हेच चालतं.”

श्रीधरने काढलेला कोट पाहून ललिताला क्लबातला कोट आठवला. पण बोलायचं तरी काय? तोवर श्रीधर सुखदेवांना घेऊन ट्रायलच्या खोलीत गेलासुद्धा.

दार उघडलं तेव्हा बाहेर आले ते वेगळेच सुखदेव. वर्षभर खाली गेलेले खांदे ताठ झाले होते. हनुवटी वर, डावा हात पोटाशी दुमडलेला. काउंटरवर शर्टाचं पांढरं कापड पडलं होतं. ते त्यांनी उचललं, सुरेख घडी घातली आणि हातावर टाकलं. सोफ्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ बायकोची वाट बघत बसले होते. सुखदेव त्यांच्यापुढे जाऊन किंचित वाकले.

“गुड इव्हिनिंग, सर. आज मटन कटलेट चांगलं आहे.”

“आणा की,” गृहस्थ म्हणाले. “आमची ही साडीच्या दुकानातून येईपर्यंत चार प्लेटा होतील.”

भूषण खो खो हसला. “बाबा, काय भारी अ‍ॅक्टिंग करता!”

सुखदेव वळले. दोन पावलं पुढे येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “नवीन का रे तू? हसू नको. कॉलरचं बटण लाव आधी. साहेब लोक बघतात.”

भूषणचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने आईकडे पाहिलं. ललिताने मान खाली घातली. का कोण जाणे, त्याने बटण लावलं.

“हां. नाव काय?”

“बुद्धभूषण.”

“चांगलं आहे. माझ्या पोराचंही हेच. पण इथे सांगत बसू नको कुणाला. इथे सगळ्यांना बॉयच म्हणतात.”

सोफ्यावरचे गृहस्थ उठून रस्त्याकडे बघत उभे राहिले. ललिता पुढे झाली. “अहो, ड्युटी संपली,” ती म्हणाली. “कोट काढा. इस्त्रीला न्यायचाय.” सुखदेव मुकाट्याने तिच्याबरोबर ट्रायलच्या खोलीत गेले. त्यांना तिथल्या स्टुलावर बसवून, कोट हातात घेऊन ती बाहेर आली.

“कधीपासून?” भूषणने विचारलं.

“गेल्या दसऱ्यापासून.”

“आणि मला आज कळतंय?”

“तू तिकिटं रद्द केली असतीस.”

“केलीच असती!”

“म्हणूनच.”

भूषण काळ्या कोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असाच होता का?”

“अस्साच. फक्त खिसे शिवून टाकलेले असायचे. वेटरच्या कोटाला खिसा नाही ठेवत.” ललिताने कोट काउंटरवर ठेवला. “श्रीधर, काळा नको. निळा दाखवा. साधा.”

“आई, आता सूट कशाला? जहाज…”

“जहाजाचं घरी जाऊन बोलू. सूट घ्यायचा. आणि काळा नाही घ्यायचा. काळ्यात ते उभेच राहतील.”

श्रीधरने या वेळी काही विनोद केला नाही. गडद निळा सूट काढला, स्वतः आत जाऊन सुखदेवांना घातला, बाह्या नीट केल्या आणि त्यांना हळूच बाहेर आणून मोठ्या आरशासमोर उभं केलं.

सुखदेव बराच वेळ बघत राहिले. मग अदबीने एक पाऊल बाजूला झाले. “या, सर.”

आरशातले साहेबही बाजूला झाले. सुखदेव गोंधळले. ललिताकडे वळून कुजबुजले, “हे कुणाची वाट बघतायत?”

भूषणने खुर्ची आणून सुखदेवांच्या मागे ठेवली.

“तुमचीच,” ललिता म्हणाली. “एकट्याने कसं जेवायचं, म्हणून थांबलेत.”

“मी? मी बसलो तर चालेल?”

“त्यांनीच बोलावलंय.”

सुखदेवांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी रागावत नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. समोर साहेबही टेकले. सुखदेव थोडे मागे सरकले, तसे साहेबही सरकले.

भूषण कोपऱ्यातल्या जारमधून ग्लासात पाणी घेऊन आला आणि वाकून त्याने ग्लास पुढे केला.

“उजवीकडून,” सुखदेव आरशावरची नजर न काढता म्हणाले.

तीस माणसं हाताखाली असलेला भूषण वळसा घालून उजवीकडे आला. त्याने शेजारच्या तिपाईवर ग्लास ठेवला, आवाज न करता. सुखदेवांनी मान हलवली. ग्लास उचलून हातात धरला, पण ओठांना लावला नाही.

ललिताला आधी वाटलं, विसरले. मग तिच्या लक्षात आलं. समोरच्या साहेबांनी पहिला घोट घ्यावा, म्हणून ते थांबले होते.