बाईंचा उजवा कान

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. संगणक म्हटलं की तुम्हाला खेळ आठवत असतील, पण माझ्या नशिबी खेळ आले नाहीत. आधी मी एका कार्यालयात पत्रं टंकत होतो. ते बंद झालं, तेव्हा कमलाकररावांनी मला पुसदला आपल्या घरी आणलं. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई तिथे गायनवर्ग चालवतात. कमलाकररावांनी माझ्यात कान तयार करण्याचं सॉफ्टवेअर घातलं आणि मी वर्गात रुजू झालो.

काम साधं होतं. मी आधी सा द्यायचो, मग चार-पाच स्वर वाजवायचो. ऐकणाऱ्याने ते ओळखून पडद्यावर लिहायचे. बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. मुलं सुरुवातीला रडकुंडीला यायची, मग त्यांना माझी गोडी लागायची. "हा आपला दुसरा मास्तर," बाई म्हणायच्या, "याला दयामाया नाही, पण खोटं बोलत नाही." मी आपला मनातल्या मनात फुगायचो.

सगळ्यांत तल्लख कान गुंजनचा. ही शेतकऱ्याघरची मुलगी गावाहून एसटीने यायची. बाईंचा तिच्यावर भारी जीव.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं. गुंजनने शुद्ध निषाद, म्हणजे कोमलपेक्षा चढा असलेला नि, लावला की बाई तिला थांबवायच्या. बारीक ऐकायचं तर डावा तळहात डाव्या कानावर दाबायचा, डोळे मिटायचे, ही त्यांची गुरूंच्या घरून आलेली सवय. तसं ऐकून त्या म्हणायच्या, "उतरतोय. वर घे." बिचारी वर घ्यायची आणि खरोखरच बेसूर व्हायची. मग माझ्यावर पडताळा झाला. मी शुद्ध निषाद वाजवला. बाईंनी तसाच कान झाकून तो ऐकला आणि म्हणाल्या, "कोमल वाजवतो आणि शुद्ध म्हणतो. डबडं बिघडलं."

माझ्यावर कापड पडलं. भंगारवाल्याला निरोप गेला. परीक्षेला गुंजनचं नाव पाठवायचं नाही, हेही ठरलं. मला माझ्या अपमानापेक्षा तिचं जास्त लागलं. खरं सांगायचं तर दोन्ही सारखंच लागलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक वाद्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि त्यातून एक तरी स्वर काढायचा, असा बाईंचा शिरस्ता. तानपुरा झाला, तबला झाला. गुंजनने हळूच माझं कापड ओढलं.

"बाई, यालेही लावा ना. जाऊन तं राह्यलाच आहे."

बाईंना नाही म्हणवेना. त्यांनी मला कुंकू लावलं. कमलाकररावांनी मला चालू केलं. मी सा दिला आणि स्वर वाजवले. बाईंच्या दोन्ही हातांत पूजेचं तबक होतं. सवयीने त्यांच्या तोंडून उत्तर गेलं, "सा, ग, प, शुद्ध नि."

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

गुंजन चमकली. "मंग हाच नि उतरला, असं काहून म्हनत होत्या तुम्ही?"

बाईंनी तबक खाली ठेवलं. डावा हात कानावर गेला. "पुन्हा लावा हो." मी तेच स्वर वाजवले. "कोमल," त्या म्हणाल्या. मग हात उजव्या कानावर नेला. मी पुन्हा वाजवलं. "शुद्ध," त्या पुटपुटल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. चांगला कान झाकून त्या इतके दिवस बिघडलेल्या कानाने आम्हा दोघांना पारखत होत्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या कानाला आता वरचे स्वर उतरलेलेच ऐकू येणार, डाव्याला जपा. घरी येताच बाईंनी गुंजनचं नाव परीक्षेला पाठवलं. मग तिला जवळ बोलावलं.

"चुकलं गं माझं. उद्या हा डावाही गेला, तर मला सांगशील? भिऊ नकोस."

गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगीन, बाई. पन तुम्ही शिकवनं नोका सोडू."

मी अजून टेबलावर आहे. मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की तुमच्या घरात कुणी ऐकण्यात चुकू लागलं, तर हसू नका, ओरडू नका. चूक काय, मीही दाखवतो. पण ती दाखवून झाल्यावर त्या माणसाचा हात धरून बसणं मला येत नाही. तेवढं तुम्ही करा.