उत्तरापुरती शांतता

“माझ्या तासातली मिनिटं कुठे जातायत, रामदास?” फोनवर एल्बाने ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही.

रामदासने आधी स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. इमारतीत दुसरं कुणी नव्हतंच. लॉकडाऊन लागल्यापासून या बहुभाषिक रेडिओचे सगळे निवेदक घरीच रेकॉर्डिंग करून फाइल पाठवायचे आणि रविवारी सकाळी रामदास स्वयंसेवक म्हणून एकटा येऊन त्या लावायचा. पण दार लावून घेतल्याशिवाय त्याला बोलवत नसे. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. रामदास पाणीही फुंकून प्यायचा. स्टुडंट म्हणून सिडनीत आला तेव्हा पहिल्याच एजंटने त्याला टोपी घातली होती. पुढे कायम राहायचा पीआर मिळाला, वेअरहाउसमध्ये सुपरवायझर झाला, क्वेकर्स हिलला घर झालं. संशय मात्र जिथल्या तिथे राहिला.

“फाइलमध्ये गॅप होते, एल्बा. मी क्लीन केली.”

“आणि माझा कार्यक्रम लवकर संपून तुमची मराठी गाणी लवकर लागली. तेही क्लीनिंगच?”

दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावचं, पण टोमणा बरोबर पोचला. रामदासने “नो वरीज, बघतो” म्हणून फोन ठेवला. त्याला राग आला, कारण बाई खरं बोलत होती.

एल्बा मूळची उरुग्वेची, सत्तरी ओलांडलेली. स्टुडिओच्या भिंतीवर एक जुना फोटो होता: स्पॅनिश कार्यक्रमाची वीसेक माणसं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसणारी. तेव्हा स्पॅनिश रोज संध्याकाळी असायचं. फुटबॉल, नाटुकली, राजकारणावरून कडाक्याची भांडणं, आणि फोन तर थांबायचेच नाहीत. मग मुलं इंग्रजीत बोलायला लागली, नातवंडं मोबाइलवर हवं ते ऐकायला लागली आणि फोटोतली माणसं एकेक करून गेली. उरला रविवारचा एक तास आणि एल्बा. तिच्यानंतर मराठीचा अर्धा तास.

मराठी कार्यक्रमाचा प्रमुख हृषीकेश त्या तासावर डोळा ठेवूनच होता.

“अरे, डेड एअरचे रिपोर्ट जाऊ दे ना,” तो रामदासला म्हणायचा. “दोन-तीन झाले की स्लॉट रिव्ह्यूला जातो. गिरावीन सबर्बपासून इथपर्यंत आपली माणसं किती वाढलीत बघ. तिला कोण ऐकतंय, यार?”

“रिपोर्टवर नाव माझं येतं,” रामदास म्हणायचा.

रेडिओवर शांतता, म्हणजेच डेड एअर, हा गुन्हा. आवाज जरा जास्त वेळ थांबला की लाल दिवा लुकलुकतो, मग मशीन आपणहून संगीत लावतं आणि ड्यूटीवरच्या माणसाच्या नावाने रिपोर्ट जातो. एल्बा तर हल्ली भलतंच करायला लागली होती. एक नाव घ्यायची, एक वाक्य बोलायची आणि गप्प. पुन्हा दुसरं नाव, पुन्हा गप्प. रामदासला आधी वाटलं, वय झालं, विसरते. मग स्वभावाप्रमाणे दुसरं वाटलं: मुद्दाम करते, मला अडकवायला. म्हणून महिनाभर तो तिच्या सगळ्या शांतता कापून टाकत होता आणि वाचलेला वेळ मराठीला देत होता.

त्या संध्याकाळी त्याची बायको स्वप्ना शिफ्टवरून आली. ती एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरर होती. गॅरेजमध्येच कपडे बदलून, अंघोळ करून ती जेवायला बसली तरी रामदासने विचारलंच, “टेस्ट केलीस ना?”

“केली रे बाबा, निगेटिव्ह. आल्याआल्या उलटतपासणी!” तिने पोळी मोडली. “आमच्या तिथला तो स्पॅनिश बोलणारा ओक्ताव्हिओ पार गप्प झालाय. डिमेन्शियात इंग्लिश सगळं विसरलाय बिचारा. मुलीला आत सोडत नाहीत. रविवारी तेवढा बोलायचा.”

“कुणाशी?”

“रेडिओशी. तुझ्याच स्टेशनवरची ती बाई नाव घेऊन काहीतरी विचारते ना? मग थांबायची. हा उत्तर द्यायचा, कधी हसायचा पण. हल्ली ती थांबतच नाही. हा बोलायला तोंड उघडतो, तोवर ती पुढच्या नावावर गेलेली असते. मग मिटून घेतो.”

रामदासचा जगातल्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला होता, स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

जेवण अर्धवट टाकून त्याने एल्बाला फोन लावला.

“काय विचारतेस तू त्यांना?”

पलीकडून सावध आवाजात, “का? स्टेशनच्या कमिटीला सांगणार?”

“नाही. मी आता काही कापणार नाही.”

“रात्री नीट झोप लागली का,” एल्बा म्हणाली. “एवढंच. आठवडाभर त्यांना त्यांच्या भाषेत हे कुणी विचारत नाही.”

“मला आधी सांगायचंस.”

“तुला? पाच-सात म्हाताऱ्यांसाठी रेडिओ चालवते म्हणून तास काढून घेतला असता. मी कुणावर विश्वास ठेवत नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रामदासला ही बाई आपल्यातली वाटली.

शुक्रवारी तिची फाइल आली. शनिवारी स्वप्ना घरी आली ती गॅरेजमध्येच उभी राहिली.

“ओक्ताव्हिओ गेला रे. कोविड नाही. झोपेतच.”

रामदासने पुन्हा एल्बाला फोन केला. तिला कळलं होतं. ओक्ताव्हिओच्या मुलीने कळवलं होतं.

“त्याचं नाव काढू का फाइलमधून?” त्याने विचारलं. कापायला परवानगी मागायची ही त्याची पहिलीच वेळ.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”

रविवारी रामदासने मशीनचं संगीत बंद करून ठेवलं आणि फाइल लावली. एल्बा एकेक नाव घेत होती, विचारत होती, थांबत होती. कुठल्या कुठल्या बंद खोल्यांत कुणी काय सांगत होतं, त्याला ऐकू येत नव्हतं. पण आता त्याला ते खरं वाटत होतं.

“ओक्ताव्हिओ,” एल्बा म्हणाली. मागोमाग तोच झोपेचा प्रश्न. आणि मग शांतता.

लाल दिवा लुकलुकायला लागला. रिपोर्ट आता त्याच्याच नावाने जाणार होता. मोबाइलवर हृषीकेशचं नाव चमकलं, तसा रामदासने तो पालथा घातला. समोरचा माइक बंद आहे ना, याची त्याने नेहमीसारखी दोनदा खात्री करून घेतली.

“लागली,” तो हळूच म्हणाला.

मग एल्बाने पुढचं नाव घेतलं.