विसावी पन्हळ

"मिकोन, तुझा मेव्हणा आलाय बघ," मुकादम स्मिक्रोस खालून ओरडला. "आणि डोकं भादरून आलाय. उवा झाल्या वाटतं. ए थ्रासो, आत ये की! तिथं काय खुंटासारखा उभा राहिलास?"

थ्रासो आत आला नाही. देवळाच्या हद्दीचा दगड होता, त्याच्या पलीकडेच थांबला. परवा आला होता तेव्हा थेट परांचीखाली येऊन बोलला होता. सुतकातला माणूस देवळाच्या हद्दीत पाऊल टाकत नाही, हे त्या आवारातल्या प्रत्येक पाथरवटाला माहीत होतं. स्मिक्रोसचं हसू तोंडातच राहिलं. एकेक करत हातोडे थांबले.

मिकोन परांचीवर होता. त्याने छिन्नी फळीवर ठेवली, मग उचलून पुन्हा नीट ठेवली. शिडी उतरायला त्याला फार वेळ लागला.

"कधी?" त्याने विचारलं.

"पहाटे," थ्रासो म्हणाला.

"आणि मूल?"

"ते आलंच नाही, दाजी. दोघंही गेली."

थोरिकोस गावी पिकांच्या देवीचं, देमेतरचं, देऊळ उठत होतं. खांब उभे राहिले होते, आता त्यांना वरपासून खालपर्यंत पन्हळी, म्हणजे उभ्या गोलसर खाचा, कोरायच्या होत्या, एका खांबाला वीस. मिकोनकडे रस्त्याच्या बाजूचा कोपऱ्यावरचा खांब होता. हा खांब त्याने मागून घेतला होता. पेरणीआधीच्या सणाला गावोगावच्या बायका या रस्त्याने वर येत. त्याची बायको लिसिलाही यायची. आठ वर्षांनी पहिल्यांदा दिवस राहिले होते. सणापर्यंत ती बाळंतपणातून उठलेली असेल, इतर बायकांना हळूच कोपराने ढोसून सांगेल, हा आमच्या ह्यांचा खांब. एवढंच त्याच्या मनात होतं.

परवा थ्रासो सांगून गेला, कळा सुरू झाल्या. गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पण बाळंतिणीच्या घरात शिरलं की सोयर लागतं, मग तीन दिवस देवळाच्या दगडाला हात लावता येत नाही. मिकोन म्हणाला, "तिथं जाऊन मी काय करणार? बायकांचं काम ते." काल गावचा एक गाढववाला निरोप घेऊन आला. मूल आडवं आहे, ती तुला बोलावतेय. मिकोनने वरूनच सांगितलं, "दोन पन्हळी राहिल्यात. उद्या संध्याकाळी निघतो म्हणावं."

आज ती उद्याची संध्याकाळ व्हायची होती. एकोणिसावी पन्हळ नुकतीच झाली होती.

स्मिक्रोस हद्दीपर्यंत त्यांच्यासोबत आला. "घरून बोलावणं होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"मग गेला का नाहीस? मला सांगितलं का नाहीस, गाढवा? मी अडवलं असतं का? तीन दिवसांनी काय देऊळ पळून जाणार होतं?"

मिकोनला कुणीच अडवलं नव्हतं.

घराच्या दाराशी पाण्याचा घडा ठेवलेला होता, बाहेर पडणाऱ्यांनी अंगावर शिंपडून घ्यायला. आत लिसिलाला पाय दाराकडे करून निजवलं होतं. मिकोनच्या केसांत, भुवयांत संगमरवराची पांढरी भुकटी होती. तो तसाच उशाशी बसला. सासूने, फिलिनाने, त्याला हात धुवायला पाणी दिलं. ती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं.

"ती काही बोलली का?" त्याने विचारलं.

"काल दुपारपासून एकच. ते निघाले का, ते निघाले का. दाराकडे कान लावून होती."

"मग?"

"मी म्हटलं, निघालेत, वाटेत आहेत." फिलिनाने लेकीच्या अंगावरचं कापड सारखं केलं. "रात्री म्हणाली, आई, इतका वेळ का लागतोय? मी म्हटलं, अंधार आहे ना, बेताने येत असतील. जन्मात तिच्याशी खोटं बोलले नव्हते मी."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिला नेलं. मूल वेगळं नव्हतंच, तिच्यासोबतच गेलं.

कोपऱ्यात माग उभा होता. लिसिलाने त्यावर आर्तेमिसला, बाळंतिणींच्या देवीला, वाहायची शाल घातली होती, वरून विणत विणत मध्यापर्यंत आणलेली, काठ केशरी. सुखरूप सुटका झाली की ब्राउरोनच्या देवळात जाऊन स्वतः द्यायची, असा तिचा नवस होता. विणलेल्या भागाखाली ताण्याचे दोरे लोंबत होते आणि त्यांच्या टोकांना मातीची वजनं बांधलेली होती. दारातून वारा आला की वजनं एकमेकांवर टकटक वाजत. ती विणायला लागली की असाच आवाज यायचा, म्हणून मिकोन दर वेळी वळून पाही.

सुतकाचे दिवस सरल्यावर फिलिना कात्री घेऊन मागाशी आली.

"आई, थांबा," मिकोन म्हणाला. "तुम्ही पूर्ण करा ना ती. मग नेतो."

"मी?"

"विणणं तिला तुम्हीच शिकवलंत. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," फिलिना म्हणाली. "दुसऱ्याचा हात लागला की ते तिचं राहत नाही, जावईबापू. आणि आता ते आर्तेमिसचंही नाही. वाचलेल्या बायका आर्तेमिसला देतात. गेलेल्यांचं इफिजेनियाला जातं. तुम्हाला एवढंही माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. त्याला फक्त ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिने दोरे कापले. वजनं एकेक करून जमिनीवर पडली.

ब्राउरोनला तो एकटाच गेला. झऱ्यावर हातपाय धुतले. देवळाच्या पायरीशी पुजारीणबाई बसल्या होत्या, साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी न उठताच हात पुढे केला.

"आर्तेमिसला की इफिजेनियाला?"

मिकोन गाठोड्याची गाठ चाचपत राहिला.

"अहो, बाळंतीण कशी आहे, ते विचारतेय."

"इफिजेनियाला," तो म्हणाला.

बाईंचा आवाज खाली आला. "बसा. पहिलंच होतं?"

"हो."

त्याने गाठोडं सोडलं. "अर्धीच आहे," तो घाईने म्हणाला. "राहिली विणायची."

"असू द्या. तिकडे अर्धीच वस्त्रं जास्त येतात."

बाईंनी शाल मांडीवर पसरली, काठावरून बोट फिरवलं. मिकोनने बराच वेळ मनात घोळवलेलं विचारलं. "बाई, आर्तेमिस बाळंतिणीजवळ असते म्हणतात. मग तिला सोयर लागत नाही?"

"का विचारताय?"

"मी देवळाचा पाथरवट आहे. सोयर लागेल म्हणून घरी गेलो नाही. दोनदा निरोप आला होता."

बाई म्हणाल्या, "सुईण सोयर बघत बसली तर कसं व्हायचं? आत जायचं, मग नाहायचं. त्यासाठीच तर झरा आहे." त्यांनी शालीची घडी घातली, लोंबणारे दोरे आत दुमडले. "नाव काय हिचं?"

"लिसिला. मिकोनची बायको."

"लिसिला, मिकोनची बायको. शाल, केशरी काठाची, अर्धी विणलेली," बाईंनी हळू आवाजात म्हणून बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शाल घेऊन त्या आत, दुसऱ्या दाराने गेल्या. पुरुषांना तिथे जाता येत नव्हतं. मिकोन बाहेर उभा राहिला.

तो कामावर परतला तेव्हा सणाला आठ दिवस राहिले होते. स्मिक्रोसने त्याच्या खांबाला कुणाला हात लावू दिला नव्हता. परांची तशीच होती, फळीवर छिन्नीही तशीच.

"बायका येतील आता," स्मिक्रोस म्हणाला. "एकच तर राहिलीय. दोन दिवसांचं काम."

"मला मागच्या बाजूचा खांब दे."

"मग हा दुसऱ्या कुणाला देऊ?"

"दुसऱ्याचा हात लगेच ओळखू येतो."

स्मिक्रोसने वर त्या खांबाकडे पाहिलं. मग, "घे मागचा," म्हणाला आणि पाठ फिरवली.

मिकोनने त्यानंतर देवळाचे तीन खांब पुरे केले. रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यावरच्या खांबाला एकोणीस पन्हळी आहेत. विसावी कोरायची राहिली आहे.