मंगळवारचा शनी

गिअरचा बोअर, म्हणजे मधलं भोक, २५.०१२, चालेल. बोअर २५.०१५, चालेल. बोअर २५.०२३, बाजूला काढ.

दुर्बीण दिसली की घरमालकीण: "काय रं, कुणाच्या खिडकीत बघता? खरं सांगा, म्या कुणाला सांगत न्हाई."

पावणेसहाची कंपनीची बस. मोशी चौक, औषधाच्या दुकानासमोर. चुकली तर रजा.

शिफ्ट देणाऱ्याची सही. शिफ्ट घेणाऱ्याची सही.

फोनवर एकमेकांना केलेले शेवटचे तीन मेसेज: पोचलो. चावी कुंडीखाली. अंगठा.

आधी २४. सापडलं की मगच पुढे.

२४

मोशीत सोजराबाईंच्या घरावर पत्र्याची एक खोली आहे. खोलीसमोर गच्ची, गच्चीत पाण्याची टाकी. सोजराबाई मूळच्या इथल्याच. त्यांच्या ज्वारीच्या जागी आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि संध्याकाळी त्या इमारतींची सावली बरोबर त्यांच्या तुळशीवर पडते. ह्या खोलीत ज्ञानेश आणि दिग्विजय राहायचे. पावणेदोन वर्षं एका खोलीत राहून दोघांनी एकमेकांना जास्तीत जास्त वेळा पाहिलं ते झोपलेलं.

ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला, गिअर तपासायच्या टेबलावर. दिग्विजय दुसऱ्या कंपनीत, कायम दुसऱ्या शिफ्टला. एक पहाटे निघायचा तेव्हा दुसरा घोरत असायचा. दुसरा रात्री परतायचा तेव्हा पहिला. गुरुवारी दोघांनाही सुट्टी असे, पण गुरुवारी दिग्विजय आंघोळ करून निगडीला बहिणीकडे जायचा तो रात्रीच उगवायचा. ज्ञानेशचं इथे कुणी नव्हतं. परभणीहून आईचा फोन यायचा, त्यात एकच विषय असायचा आणि त्या विषयाचं स्थळ दर वेळी निराळं.

दुर्बीण दिग्विजयची. त्याच्या कंपनीतला एक इंजिनिअर बदली होऊन चालला होता, त्याच्या सामानात ती जड होत होती म्हणून ती ह्याच्या गळ्यात पडली. सोबत दोन छोटे आयपीस होते, म्हणजे ज्याला डोळा लावायचा ती भिंगाची नळकांडी. एक लांबून बघायला, एक जवळून. अंधारात बदलताना त्यातलं एक निसटून टाकीखाली गेलं ते गेलंच. मग ज्ञानेशने झूम आयपीस मागवला. बदलायची भानगड नाही. त्याच्या गळ्यावर एक रिंग, रिंगवर आकडे: २४, २०, १६, १२, ८. फिरवली की कट्‌ कट्‌ करत आकाश जवळ येतं; आकडा जितका लहान तितकं जवळ.

ज्ञानेशला तो फार आवडला. मोजणाऱ्या माणसाला आकडे कोरलेली वस्तू आवडतेच.

२०

वहीची कल्पनाही त्याचीच. कंपनीत शिफ्ट बदलताना एक रजिस्टर असतं. जाणारा लिहून जातो: मशीन कसं चाललं, काय बिघडलं, काय बघायला हवं. येणारा वाचतो, सही करतो. तशीच एक हिरव्या पुठ्ठ्याची वही त्याने खिळ्याला अडकवली. ज्ञानेश संध्याकाळी बघायचा आणि लिहायचा. दिग्विजय साडेबाराला परतला की वाचायचा, वर जाऊन बघायचा, खाली लिहायचा. सकाळी पाच वाजता ज्ञानेश दात घासत घासत ते वाचायचा.

"७.१०. शनी २४ वर सापडला. १२ पर्यंत स्वच्छ. ८ वर थरथरतो, शिवाय फोकस परत करावा लागतो. कडी यंदा एकदम आडवी आहे, सुईसारखी. चित्रातल्यासारखी नाही. – ज्ञा."

"१२.५०. सुई कसली भावा, कॅरमच्या सोंगटीत कुणीतरी काडी खुपसलीय. ८ वर धरला की मिनिटभरात पळतो. तू कसा धरून ठेवतोस? आज कॅन्टीनला परत तीच वांगी. – दि."

ज्ञानेशला 'तू कसा धरून ठेवतोस' हे वाक्य दिवसभर पुरलं. कानात बोळे घालून आठ तास गिअर मोजायचे, खानावळीत टीव्हीकडे तोंड करून जेवायचं, खोलीवर यायचं. आख्ख्या दिवसात त्याला उद्देशून लिहिलेलं किंवा बोललेलं तेवढंच असायचं.

मग नवरात्रात ढग आले. पाऊस जायला तयार नव्हता. ज्ञानेशने लिहिलं, "ढग." दिग्विजयने खाली सही केली. दुसऱ्या दिवशी "ढग", सही. तिसऱ्या दिवशी "ढग". सही. आठव्या दिवशी सहीसुद्धा नव्हती. बरोबरच होतं. ढगाला काय उत्तर देणार?

नवव्या संध्याकाळी ज्ञानेशने खोलीतून आभाळाकडे एकदा पाहिलं. काळी घोंगडी पसरल्यासारखं होतं. त्याने वही काढली आणि लिहिलं, "७.४०. दोन मिनिटं फट पडली. १२ वर धरला. शेजारी एक ठिपका, बहुतेक त्याचा चंद्र, टायटन."

पहाटे पाच वाजता वहीत अर्धं पान भरलेलं होतं. "नशीबवान आहेस राव! मी आलो तोवर बंद. पण कुठल्या बाजूला ठिपका? दुर्बिणीत उलटं दिसतं हे धरून सांग…" ज्ञानेश तोंडात फेस तसाच ठेवून ते दोनदा वाचत उभा राहिला. बस चुकता चुकता राहिली.

१२

न मोजता आकडा लिहिणं म्हणजे तपासणी विभागात चोरीच. मागे ज्ञानेशच्याच टेबलावर एकाने तसं केलं होतं, आणि पकडलं होतं ज्ञानेशनेच. कसं पकडलं? आकडे फार गुणी होते. सगळे मधोमध, एकही काठावर नाही. मोजलेल्या आकड्यांना खोड असते, असं तो साहेबाला म्हणाला. एक आकडा खोटा निघाला म्हणून चारशे गिअर नापास ठरून लाल क्रेटमध्ये गेले. त्या माणसाला नंतर कुणी पाहिलं नाही.

म्हणून ज्ञानेशने आपल्या नोंदींना खोडी दिल्या. "८ वर धूसर." "डास चावले, मध्येच सोडलं." "समोरच्या इमारतीने बाहेरचे दिवे लावले, वैताग." एखाद्या दिवशी मुद्दाम नुसतं "ढग" लिहायचा. कुणी साहेब आला असता तर त्याने ह्या वहीवर डोळे झाकून शिक्का मारला असता.

आणि दिग्विजय लिहीत राहिला. बहिणीच्या सासूबद्दल, सुपरवायझरच्या विगबद्दल, टायटन दोन रात्री शोधूनही सापडला नाही त्याबद्दल. "तुझी नजर भारी आहे. मला बहुतेक चष्मा लागणार."

हे वाचून ज्ञानेशला लाज वाटली. वाटली हे खरं आहे. ती बसच्या तिसऱ्या थांब्यापर्यंत टिकली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, त्याने लिहिलं:

"७.२५. २४ वर धरला, मग थेट ८. आज ठेवणीतला दिसला. काडी दोन्ही बाजूंनी सारखी. रिंग फिरवताना किंचित घट्ट वाटली, तेल लागेल."

बुधवारी पहाटे त्या नोंदीखाली काहीच नव्हतं. सही नाही, वांगी नाही. ज्ञानेशला वाटलं, दमला असेल. गुरुवारी पहाटेही काही नव्हतं.

८

गुरुवारी दिग्विजय निगडीला गेला नाही.

ज्ञानेश दुपारी चारला धुतलेले कपडे घेऊन वर आला, तर हा कॉटवर मांडी घालून बसलेला. समोर हिरवी वही आणि वहीवर आयपीस.

"बस," दिग्विजय म्हणाला. "तुला काहीतरी दाखवायचंय."

"काय झालं? ताईकडे नाही गेलास?"

"हा बघ. रिंग सैल झाली होती. ८ वर ठेवला की आपोआप मागे सरकायचा. आमच्या मेंटेनन्समध्ये एक कसबी माणूस आहे, त्याच्याकडून करून घेतला. आता कसा मस्त बसतोय बघ." त्याने रिंग फिरवून दाखवली. कट्‌, कट्‌.

"बरं केलंस."

"मंगळवारी नेला होता," दिग्विजय म्हणाला. "दुपारी दोनला, बॅगेत घालून. वहीत लिहायचं राहिलं, बस सुटत होती. आयपीसची डबी तशीच ठेवली होती जागेवर. रिकामी."

खाली सोजराबाईंचा मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

"आणि तू लिहितोस," दिग्विजयने बोट ठेवून वाचलं, "रिंग किंचित घट्ट वाटली. तेल लागेल." त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यातच अडलं. "तेल लागेल म्हणे. भावा, तू डबी उघडलीसुद्धा नाहीस."

ज्ञानेश ओले कपडे धरून उभाच होता. पाणी पायावर ठिबकत होतं.

"किती आहेत अशा?"

"काय?"

"अशा नोंदी. तूच सांगायचास ना, एक आकडा खोटा निघाला की आख्खा लॉट लाल क्रेटमध्ये. मी काय करू ह्या वहीचं? टाकू? येड्यासारखा टायटन शोधत बसलो दोन रात्री. गच्चीवर, थंडीत. मला वाटलं माझेच डोळे गेले." त्याने वही मिटली. "डिसेंबरपासून मला जनरल शिफ्ट मिळतेय. ताई म्हणते, निगडीलाच ये राहायला. मी नाही म्हणत होतो. म्हटलं, आता संध्याकाळी दोघं मिळून बघू. काल ठरवलं, आज सोजराबाईंना खोलीचं सांगून टाकायचं. कशाला राहायचं राव इथे? मी कुणाशी बोलत होतो इतके दिवस?"

ज्ञानेशने कपडे खुर्चीवर ठेवले. खिशाला लाल पेन होतं. नाकारलेल्या मालावर खूण करायचं. त्याने ते काढलं, दिग्विजयच्या शेजारी बसला आणि वही उघडली.

"ढगाच्या दिवशी लिहायचो," तो म्हणाला. "फक्त ढगाच्या दिवशी. नुसतं 'ढग' लिहिलं की तू काही लिहायचा नाहीस."

नवरात्रातल्या नवव्या दिवसावर त्याने लाल फुली मारली. पान उलटलं, आणखी एक. दिग्विजय बघत होता. फुल्या मारताना ज्ञानेशचा हात जरासुद्धा हलला नाही. तो हात रोज शेकडो खुणा करणारा होता. दसऱ्यानंतरच्या तीन, दिवाळीच्या आधीच्या चार, पाडव्याची एक, त्यापुढच्या सात. अशा सतरा झाल्या. पेन मंगळवारवर येऊन थांबलं.

"आणि ही?"

"ढग," ज्ञानेश म्हणाला, आणि फुली मारली.

"मंगळवारी? मी आलो तेव्हा तर उघडं होतं."

"नंतर उघडलं असेल. संध्याकाळी भरून आलं होतं. साडेसातला तर काहीच दिसत नव्हतं."

दिग्विजय दुपारी तीन ते रात्री साडेअकरा बिनखिडकीच्या शेडमध्ये असायचा. त्याने मान हलवली. वही बंद केली, परत उघडली, फुल्या न मारलेली पानं अंगठ्याने फडफडवली. ती बरीच होती. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"म्हणजे बाकी सगळं खरं," तो म्हणाला.

"हो."

"ढगात काय करणार माणूस, हां? येडा आहेस तू. फोन करायचास की."

"तू उचलला असतास?"

"शिफ्टमध्ये? मोबाईल लॉकरला असतो बे." आणि आता तो खरंच हसला. ज्ञानेशच्या पाठीत एक धपका बसला. "नाही सांगत सोजराबाईंना. ऊठ. आज पहिल्यांदा बरोबर बघू. पण आधी चहा, आणि चहा तू करणार. दंड."

सात वाजता दोघं गच्चीवर होते. दिग्विजयने आपल्याच हाताने आयपीस बसवला, स्क्रू आवळला, २४ वर शनी धरला आणि "आला, आला!" म्हणून ओरडला. सोजराबाई जिन्याचा कठडा धरत वर आल्या.

"खिडकी न्हाई, शनी हाय होय?" त्यांनी पदराने डोळा पुसून आयपीसला लावला. "आगंबया. येवढाच?"

"मोठा करतो की, आजी." दिग्विजयने रिंग फिरवली.

"राहू दे. मोठा करून कुटं पिडा वाढवता त्या शनीची." त्या हसत खाली गेल्या.

"ये, तू बघ," दिग्विजय म्हणाला. "८ वर ठेवलाय. लवकर, पळायच्या आत."

ज्ञानेश वाकला. ८ वर आकाश रुंद वाटतं, पण असतं अगदी थोडं. एवढ्याशा काळ्या तुकड्यात शनी होता, पिवळसर, आडव्या काडीसकट. ढगाआधीच्या नोंदींनंतर ज्ञानेशने त्याला नीट कधी बघितलं होतं हे ज्ञानेशलाच ठाऊक. शेजारी एक बारीक ठिपका होता. खरोखरचा.

"टायटन दिसतोय का? कुठल्या बाजूला?" दिग्विजय त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होता. अगदी जवळून. श्वासाला चहाचा वास होता. "सांग ना राव. तुझी नजर भारी आहे."

"डावीकडे," ज्ञानेश म्हणाला. शनी सरकत सरकत कडेला गेला आणि नाहीसा झाला. त्याने डोळा काढला नाही. नुसत्या अंधाराला डोळा लावून तो तसाच वाकून राहिला, कारण वर बघितलं असतं तर खांद्यावर हात ठेवलेल्या माणसाकडे बघावं लागलं असतं.

"अजून आहे?"

"आहे," तो म्हणाला.

मंगळवारी, अठरा तारखेला, संध्याकाळी सहापासून मोशीवर ढगाचा एक तुकडाही नव्हता.