शून्य रुपयाचं तिकीट

"वावेकोंडची फेरी बुधवारपासून बंद," म्हणत वाहतूक निरीक्षकांनी कागद कंडक्टर कल्पिताच्या पुढ्यात सरकवला. "भारमान बावीस टक्के. रिकामी गाडी डोंगरात कशाला फिरवायची?"

"रिकामी कुठं, साहेब? मंगळवारी माणगावच्या बाजाराला पाय ठेवायला जागा नसते."

"मग मशीनमध्ये का दिसत नाही? पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं शून्य रुपयाचं तिकीट काढतेस ना? म्हातारीला ते फुकट, आपल्याला नाही. त्या प्रत्येक तिकिटाचे पैसे सरकार भरतं. असल्या फेऱ्या त्यावरच तगतात."

"काढते की," कल्पिता म्हणाली.

साफ खोटं होतं ते. वावेकोंडात तरणं माणूस औषधालाही उरलेलं नाही, सगळे मुंबईला. गाडीत चढायच्या त्या म्हाताऱ्याच. त्यांनी चार गाठी सोडून कार्ड काढायचं, तोवर गाडी दोन वळणं घेणार. "राहू दे गं आजी, बस," म्हणून कल्पिता पुढे सरकायची. मग कुणी शेवग्याच्या शेंगा द्यायचं, कुणी तोंडावरून हात फिरवायचं. चांगली म्हणवून घ्यायची तिला भारी हौस. प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं तिने त्या हौसेपायी कानाआड केलं होतं.

खरं सांगावं तर नोकरीवर गदा. तिने कागद घडी करून पिशवीत टाकला.

शेवटच्या मंगळवारी परतताना वावेकोंडच्या थांब्यावर ठमाबाई इतर बायांबरोबर उतरली आणि दाराशीच उभी राहिली. भाजी विकून तिचं घर चालायचं, आणि रिक्षावाला एका खेपेचे तीनशे मागायचा. तिने चुरगळलेल्या नोटा कल्पिताच्या हातात कोंबल्या.

"घे बाय. आमी सगल्यांनी मिलून काढलेत. इतकी वरसं फुकट बसलो, म्हनून बंद पडली ना गाडी? आमाला लाज वाटली पायजे व्हती." मग मागे वळून इतर बायांना म्हणाली, "हिला कोन काय बोलू नका गं. हिचा काय दोष न्हाय."

कल्पिताला धरणी दुभंगावी असं झालं. डबल बेल देऊन सुटता आलं असतं. पण ती खाली उतरली.

"आजी, दोष माझाच. तुमचे पैसे सरकार भरतं. मी तिकीट काढलं असतं तर गाडी बंद पडली नसती. मी आळस केला."

"म्हंजे आमी फुकट बसत न्हवतो?"

"नाही."

"मंग ह्ये सायबाला सांगितलंस?"

"नोकरी जाईल माझी, आजी," कल्पिता म्हणाली. ड्रायव्हर सदाने हॉर्न दिला.

ठमाबाईने तिच्या मुठीतून नोटा काढून घेतल्या, कनवटीला लावल्या, आणि बायांना घेऊन ती चढणीला लागली.